तीन शेवटांची कादंबरी आणि एक उत्तरपत्रिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत एका गृहस्थांनी आम्हांला गाठले. त्यांची कन्या विद्यापीठात इंग्रजीच्या एम. ए.ला आहे. ते म्हणाले, "सर, पोरीला उत्तर-आधुनिक साहित्य आणि चित्रपट असा काहीसा पेपर आहे. घरी येऊन सांगते, बाबा, इतिहास म्हणजे रचलेली गोष्ट. मग तिच्या आजोबांनी सांगितलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या हकिकती, त्याही रचलेल्याच का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. हाच विषय आम्ही अनेक वर्षे शिकविला असल्याने ते हसू आम्हांला नंतर बोचत राहिले. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे थकलेले उत्तर समजावे.

आमच्या वर्गात या विषयाचा आरंभ ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १९७९ सालच्या एका लहानशा पुस्तकाने होत असे. गंमत अशी की, हे पुस्तक मुळात कॅनडातील क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ-परिषदेसाठी लिहिलेला अहवाल होता. ज्ञानाचे पुढे काय होणार, असा परिषदेचा प्रश्न. मानवजात अखंड प्रगती करीत आहे, ज्ञान तिला मुक्त करणार आहे, अशा ज्या महाकथनांवर आधुनिक युग उभे होते त्यांवरचा विश्वास उडाला आहे, हे ल्योतारचे उत्तर. यातला 'महा' हा शब्द विद्यार्थी लिहून घेतात आणि विसरतात. महाकथनांवर अविश्वास दाखविणारा हाच लेखक लहान, स्थानिक कथनांना मान देतो. तेव्हा आजोबांच्या हकिकतीला त्याच्याकडून भय नाही. आजोबांनी काय पाहिले आणि पुढे कुणी त्यावर काय रचले, एवढे मात्र कन्येने विचारावे. ते विचारणे म्हणजे अनादर नव्हे.

परंतु तत्त्वज्ञानाने वर्ग पेंगू लागतो. आम्ही मग जॉन फाउल्सची 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन' ही १९६९ सालची कादंबरी काढीत असू. कथा १८६७ सालची, इंग्लंडमधील लाइम रेजिस या समुद्रकाठच्या गावातली. वाग्दत्त वधू असलेला चार्ल्स, आणि गावाने बदनाम केलेली सारा. बारा प्रकरणे सारे जुन्या थाटात चालते. तेराव्यात लेखक एकदम पुढे येतो आणि कबूल करतो की, सारा कोण आहे हे आपल्यालाच माहीत नाही. चव्वेचाळिसाव्या प्रकरणात चार्ल्सचा संसार लावून कथा संपते, आणि लगेच कळते की ती नुसती कल्पना होती. पुढे आगगाडीच्या डब्यात लेखक स्वतःच दाढीवाला प्रवासी होऊन झोपलेल्या चार्ल्ससमोर बसतो. उरलेल्या दोन शेवटांपैकी कोणता अखेरीस छापायचा, हे ठरविण्यासाठी नाणे उडवितो!

येथे कुणी ना कुणी म्हणतोच, "सर, यात नवे काय? आमचा सूत्रधार हेच करीत नव्हता का?" हा युक्तिवाद आम्हांला फारसा पटत नाही. आमचा सूत्रधार कथेबाहेर येतो तो कथेवर शंका घेण्यासाठी नव्हे. तिला नीट रंगमंचावर आणून सोडण्यासाठी. फाउल्सला आपल्या अधिकाराचीच लाज वाटते. सगळेच आमच्याकडे पूर्वी होते, असे म्हणण्यात समाधान असते, अभ्यास नसतो.

या कादंबरीवर १९८१ साली कारेल राइस यांनी चित्रपट काढला. पटकथा हॅरॉल्ड पिंटर यांची. पडद्यावर दोन शेवट कसे दाखवावयाचे? पिंटर यांनी लेखकाला काढून टाकले आणि त्याच्या जागी चित्रीकरणच आणले. सारा आणि चार्ल्स यांच्या भूमिका करणारे नट-नटी, ॲना आणि माइक, हेही पडद्यावर दिसतात व तेही प्रेमात पडतात. मेरिल स्ट्रीप आणि जेरेमी आयर्न्स यांनी दुहेरी कामे केली. जुन्या कथेतील जोडी एकत्र येते, आजची तुटते. ॲना निघून जाते तेव्हा माइक खिडकीतून हाक मारतो ती "सारा" अशी. या एका हाकेत जे कळते ते आमच्या तासाभराच्या व्याख्यानातही कळत नसे.

आता उत्तरपत्रिकेविषयी. एका वर्षी नाण्याच्या प्रसंगावर आम्ही प्रश्न घातला होता. लेखक पात्रांना स्वातंत्र्य देतो, असे आमच्या टिपणांत होते आणि बहुतेकांनी तेच लिहिले. एका विद्यार्थिनीने लिहिले, स्वातंत्र्य कसले? नाणे लेखकाच्याच खिशातले, उडविणारा तोच, पाहणाराही तोच. आम्ही तिला वीसपैकी सात गुण दिले. कोणताही अर्थ अंतिम नाही, हे शिकविणाऱ्या मास्तराने आपल्या टिपणांतला अर्थ अंतिम धरला! पुढे कादंबरी पुन्हा वाचताना आम्ही त्या पानाशी थांबलो, आणि ती बरोबर होती हे ध्यानात आले. तोवर ती विद्यापीठ सोडून गेली होती.

या विषयाचा एक काटा आपल्या मंडळालाही टोचतो. फ्रेडरिक जेमसन या अमेरिकन समीक्षकाने १९८४ सालच्या निबंधात म्हटले की, या काळातील काही चित्रपटांत भूतकाळ हा इतिहास राहत नाही. त्याचा पोशाख होतो. आपल्या रंगमंचावर दरवर्षी नऊवारी, फेटे, लेझीम येतात. तो महाराष्ट्र आपण ज्या साली सोडला त्या सालचा. काही जणांचा तर त्याही आधीचा, वडिलांकडून ऐकलेला. आम्हीही फेटा बांधतो आणि तो आम्हांला शोभतो, असे घरी सांगतात. पण यंदा पडदा वर जाण्यापूर्वी त्या गृहस्थांच्या कन्येने पुढे येऊन, हा कोणत्या सालचा महाराष्ट्र आहे, असे विचारावे, अशी व्यवस्था कार्यकारिणीने करावी. तिच्या वडिलांना आम्ही हे सांगितले आहे. ते म्हणाले, "सर, ती विचारील, पण सांगणार कोण?"