खर्चुडीची झोप



श्रावणात पन्हाळ्याच्या उताराला गेलात, तर झुडपांच्या आधाराने चढलेला एक नाजूक वेल हुडकून बघा. त्याला कंदील टांगावा तसं फूल असतं, बोटाच्या दोन पेरांएवढं. ही खर्चुडी. काहीजण कंदीलपुष्प म्हणतात.

फुलाच्या नळीत खाली वळलेले बारीक केस असतात. वासाला भुललेली चिलटाएवढी माशी आत उतरते आणि अडकते, केस तिला वर येऊ देत नाहीत. दिवस-दोन दिवसांनी केस मलूल होतात, फूल मान टाकतं आणि माशी सुटते, जाताना पराग घेऊन. भिंग लावून मी हे पाहत बसलो, तेव्हा चहा निवून गेला होता.

रुईच्या कुळातली ही वनस्पती. हिच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. 2023 मध्ये आपल्या विशाळगडावरची एक नवी जात जगापुढे आली, तिला शिवरायांचं नाव मिळालं. शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुर्मीळ खर्चुड्या वाढवल्या, जपल्या. कंद गोडसर, म्हणून माणसं उकरून खातात आणि वेल कायमचा जातो. तेव्हा कृपा करून रानातून कंद आणू नका. कुणाच्या कुंडीतलं बी मागून घ्या. शिंगांसारख्या जोडशेंगा उकलल्या की रेशमी झुबके लावलेलं बी उडतं. त्याआधीच शेंगेला मलमलीची पिशवी बांधायची. ताजं बी लवकर रुजतं.

माती भुसभुशीत, त्यात जांभ्याची खडी. पाणी थांबता कामा नये. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा बसतो, तो रोज बोटाने पुसून काढायचा.

दिवाळीनंतर वेल वाळतो. मेला असं वाटतं, आणि इथंच चूक होते. पहिल्या वर्षी मी मायेने उन्हाळाभर पाणी घातलं. जूनमध्ये माती उकरली, तर कंदाचा नुसता चिखल हाती आला. फार वाईट वाटलं. आता वेल वाळला की कुंडी पत्र्याखाली सरकवतो आणि वळवाच्या पावसापर्यंत थेंबसुद्धा घालत नाही.

परवा वळीव झाला. काल सकाळी मातीतून तांबूस कोंब डोकावत होता, सुईच्या अग्राएवढा. शेजारी तुरीची काटकी रोवून ठेवली आहे.