भिंतीचं टोक



अध्यक्षाने दूरदृष्टीचं बोलावं असा रिवाज आहे. मी जवळचंच बोलणार आहे, भिंतीच्या टोकाचं. 1970 साली सिडको स्थापन झाली. तिने सुरुवातीला वाशीत बांधलेल्या चार मजली वसाहती आता पुनर्विकासात जातायत. त्यांच्या जागी उठणारे टॉवर ज्या भिंतींच्या जोरावर उभे राहणार, त्यांचं नावच मुळात फसवं आहे.

‘शियर वॉल’ म्हटलं की भिंत कातरली जाईल असं वाटतं. पण उंच, सडपातळ भिंत नीट डिझाइन केली, तर आधी वाकते. ती जमिनीत रोवलेली काठीच. भूकंपाचा धक्का एका बाजूने आला की एक टोक ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. धक्का उलटला की अदलाबदल. सगळ्यात जास्त ओढाताण तळाशी. म्हणून आयएस 13920 हे भूकंपासाठीचं मानक सांगतं, की टोकावरचा दाब काँक्रीटच्या ठरलेल्या ताकदीच्या 20 टक्क्यांपुढे गेला तर तिथे बाउंडरी एलिमेंट द्या, दाट रिंगांनी बांधलेलं.

चिलीत भिंतींच्या इमारतींची जुनी परंपरा. 1985च्या भूकंपात त्या चांगल्या टिकल्या. पुढे इमारती उंच होत गेल्या, भिंती पातळ, टोकांच्या रिंगा विरळ. 27 फेब्रुवारी 2010 रोजी 8.8चा भूकंप झाला आणि कित्येक इमारतींत खालच्या मजल्यांवरची, तळघरांतली टोकं चिरडली. आपण भूकंपाच्या झोन तीनमध्ये आहोत, चिलीत नाही, हे मान्य. पण 1993 साली हादरलं तेव्हा किल्लारी नकाशावर झोन एकमध्ये होतं.

उलव्याच्या एका सोळा मजली टॉवरची गोष्ट सांगतो. खालच्या भिंतींचं कास्टिंग दुसऱ्या दिवशी होतं. ड्रॉइंगमध्ये रिंगेचा हूक 135 अंशांचा. जागेवर सगळे नव्वदचे. फिटरला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, आत हातच जात नाही.” मी घालून बघितला. नाही गेला. 200 मिलिमीटरची भिंत, दोन्ही बाजूंचं कव्हर, सळयांचे दोन थर आणि मधून इलेक्ट्रिकचा पाइप! ड्रॉइंग माझ्याच ऑफिसचं, सही माझीच. पाइप बाहेर काढला, रिंगा बदलून घेतल्या, कास्टिंग चार दिवस पुढे गेलं. पुढच्या टॉवरला टोकं 300ची केली. आर्किटेक्ट काही दिवस माझा फोन घेत नव्हता.

दुसरी काळजी इमारत ताब्यात दिल्यानंतरची. माइवान या ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये फ्लॅटची जवळपास प्रत्येक भिंत काँक्रीटची असते. राहायला येणाऱ्याला ती विटांचीच वाटते. हॉल मोठा करायचा म्हणून तो ब्रेकरवाला बोलावतो. सळई लागली की ब्रेकरवाला ती ग्राइंडरने कापतो आणि तिचे वेगळे पैसे लावतो.

तेव्हा मंडळी, तळमजल्याच्या कास्टिंगच्या आदल्या दिवशी स्वतः साइटवर जा, ज्युनिअरला पाठवू नका. आणि कुठल्या भिंतीला हात लावायचा नाही, हे दाखवणारा मजल्याचा नकाशा मराठीत करून प्रत्येक सोसायटीच्या ऑफिसात लावून द्या. त्याची फी मागू नका.