रक्त नजरेने मोजता येत नाही

(हेदवी येथे प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



माझं लग्न झालेलं नाही. तेव्हा ही पोरगी आपल्याला बाळंतपणाचं काय सांगणार, अशी मागे कुजबूज झाली ती मी ऐकली. बरोबर आहे, अनुभव तुमच्याकडेच आहे. मी आज फक्त मोजमापाचं बोलणार आहे, आणि हिशोब तर आपल्या गटाचा रोजचाच विषय.

ही जुनी चादर बघा. हिच्यावर मी आत्ता आगळाचं पाणी ओतलं. किती असेल? (कुणी म्हणालं एक पेला, कुणी पाव लिटर.) ही रिकामी बाटली बघा. अर्ध्या लिटरची आहे आणि पूर्ण ओतली. चादरीने शोषून घेतलं की तेवढं वाटतच नाही.

बाळ झाल्यावर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं, तर डॉक्टर त्याला जादा रक्तस्राव म्हणतात. बाळंतिणी दगावण्याचं हे एक मोठं कारण. आणि वेळ फार थोडा असतो, कधी कधी दोन तासांत बाई हाताची जाते. जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला तर अर्ध्या लिटरच्या आतलंही सोसत नाही.

यावर एक मोठं काम आपल्यापासून फार लांब नाही, घाटापलीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आणि अमेरिकेतले डॉक्टर यांनी मिळून ते केलं. २००२ ते २००५ या काळात १,६२० बायका त्यात होत्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, हाताशी नर्सबाई. बाळ झाल्याबरोबर साधारण निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली ते नर्सबाईंनाही माहीत नव्हतं. हे लपवायचं का? तर आपण औषध दिलंय हे माहीत असलं की माणसाला गुण आलेला दिसायला लागतो. अंगाऱ्याचंही तसंच असतं, नाही का?

औषध नसलेल्या गटात शंभरात १२ जणींना जादा रक्तस्राव झाला. औषधाच्या गटात ६ जणींना. म्हणजे जवळपास निम्मा. थंडी वाजून अंगाला कापरं भरणं मात्र गोळीने वाढलं, तेही त्यांनी लिहून ठेवलं. मला त्यांचं हे आवडतं, फक्त चांगलं तेवढंच सांगितलं नाही.

पण माझ्या मते खरी शिकायची गोष्ट पुढेच आहे. कमी-जास्त रक्त ठरवायचं तर आधी मोजायला हवं. म्हणून या कामासाठी प्लास्टिकची एक पिशवी तयार केली. बाळंतिणीच्या खाली पसरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, आणि तिच्यावर मापाच्या रेघा. बेळगावच्याच दवाखान्यात मग नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप ताडून बघितलं. शिकलेल्या माणसांचा अंदाजही सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. तेव्हा आपण चादरीला फसलो यात लाज काही नाही.

अशीच मापाची पिशवी पुढे आफ्रिकेत गेली. चार देशांतल्या ८० दवाखान्यांत दोन लाखांवर बाळंतपणांत ती आणि तिच्यासोबत ठरलेले उपचार वापरून बघितले. ते २०२३ साली छापून आलं. जिथे नेहमीच्या पद्धतीने चाललं होतं, तिथे जादा रक्तस्राव झालेल्या निम्म्याच जणी लक्षात आल्या. जिथे मोजलं, तिथे शंभरात ९३. मोजलं आणि लगेच पोट चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी एकदम सुरू केली, तर गंभीर प्रकार निम्म्याहूनही कमी झाले. औषधं तीच, जुनीच होती.

आता कुणी म्हणेल, मग ती गोळी आपणच घरात आणून ठेवूया. नको! बाळ व्हायच्या आधी ती पोटात गेली तर गर्भाशय फाटू शकतं. कळा वाढवायच्या इंजेक्शनचंही तेच. बाळ झाल्यावर तेच इंजेक्शन रक्त थांबवतं, आणि आधी घरी कुणी टोचलं तर जीव घेतं. ते देणाऱ्याला वेळ कळली पाहिजे.

आपल्या जुन्या सुईणींचं सगळंच चुकीचं होतं असं नाही हं. कळा येताना बाईला चालतं-फिरतं ठेवणं, जवळ बायामाणसं असणं, नाळ कापायला घाई न करणं, हे अभ्यासातही चांगलंच निघालं. पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलणं मात्र नको, मग ते घरी असो की दवाखान्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली तसं लिहूनच दिलं आहे.

सोबतीचं थोडं जास्त सांगते. २०१६ पासून केंद्र सरकारच्या सूचना आहेत, की सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई थांबू शकते. अट अशी, की ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. म्हणजे मी चालणार नाही, तुम्ही चालाल. तिथे नुसतं बसू नका. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नर्सबाईंनी पोट चाचपून गर्भाशय घट्ट आहे का ते बघायचं असतं. कुणी आलं नाही तर बोलवा. घडी बदलली की ती टाकून देऊ नका, त्यांना दाखवा. 'रक्त मोजलंत का?' हे विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

आणि घरी न्यायची घाई नको. २०११ पासून सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवसांपर्यंत जेवण मोफत आहे, घरी सोडायला गाडीही मोफत. तरी दुसऱ्याच दिवशी 'घरात म्हशीचं कोण बघणार' म्हणून बाळंतिणीला उठवतात. पावसात इथून गुहागर, तिथून चिपळूण गाठायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. घरी आल्यावर तासाभरात एक घडी पूर्ण भिजली, चक्कर आली, हातपाय गार पडले, तर १०८ ला फोन. देवाला नारळ मागाहून.

ज्यांच्या घरात सातवा महिना उलटलेली सून-लेक आहे, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे थांबा. सोबत कोण जाणार आणि रात्री कुणाची गाडी मिळेल, ते आजच वहीत लिहून घेऊ. आणि ही चादर कुणीतरी पाण्यात घाला, कोकमाचा डाग पक्का बसेल.