मागे राहिलेले मैल

जयपूरच्या रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर बनी पार्क नावाची वस्ती आहे. रुंद आणि सरळ रस्ते, त्यांना मीरा आणि कबीर यांसारख्या संतांची नावे, दोन्ही बाजूंना बंगले आणि जुन्या हवेल्या, व त्यांपैकी काहींची आता झालेली अतिथिगृहे, असे तिचे रूप आहे. याच वस्तीच्या एका टोकाला जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे आणि तिच्या परिसरात जिल्हा न्यायालय आहे. मृताच्या मागे राहिलेल्या धनाचे काय करावयाचे, हा प्रश्न घेऊन माणसे या न्यायालयाची पायरी चढतात. मृताचे कोणाकडे येणे असेल, रोखे असतील, तर ते वसूल करण्यासाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळवावे लागते. मृत व्यक्ती ज्या जिल्ह्यात राहत होती, तेथील जिल्हा न्यायाधीशांकडे त्यासाठी अर्ज करावयाचा असतो. त्याची नोटीस न्यायालयाच्या इमारतीवर ठळक जागी लावली जाते, कोणाची हरकत आहे काय हे पाहिले जाते, आणि मग प्रमाणपत्र मिळते. ते पाहून ज्याने पैसे दिले, त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण लाभते.

आता अशी कल्पना करावी की, बनी पार्कात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील वडील वारले. मुलगी पुण्यास, मुलगा परदेशी. नोकरीच्या निमित्ताने वडिलांनी आयुष्यभर विमानप्रवास केला आणि प्रत्येक प्रवासाबरोबर विमान कंपनीच्या वहीत त्यांच्या नावे काही पॉइंट जमा होत गेले. निवृत्तीनंतर पत्नीसह मुलाकडे जावयाचे, म्हणून ते त्यांनी राखून ठेवले होते. दिवसकार्य आटोपल्यावर मुले कागदपत्रे घेऊन बसली. घराचा दस्तऐवज निघाला, बँकेची पुस्तके निघाली, विम्याचा कागद निघाला. आणि त्याबरोबर विमान कंपनीचे एक पत्रही निघाले. त्यात लाख-दीड लाख पॉइंटांची शिल्लक दाखविलेली होती. घर कोणाचे हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ठरेल. मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई हयात असल्यास ती, यांचे त्यात समान वाटे पडतील. परंतु हे पॉइंट कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ही वस्तू मुळात काय आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठविण्यात आली. कंपन्यांमध्ये चुरस लागली आणि गिऱ्हाईक आपल्यापाशीच कसे टिकेल, याची विवंचना सुरू झाली. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना काढली व तिच्या पाठोपाठ युनायटेडनेही काढली. जितके मैल प्रवास, तितकी नोंद. नोंद पुरेशी झाली की एक प्रवास फुकट, असा तो साधा हिशेब होता. पुढे ही पद्धत जगभर पसरली. आता तर विमानात पाऊलही न ठेवता, केवळ बँकेच्या कार्डाने किराणा आणि कापड विकत घेतले, तरी पॉइंट साठतात.

साठविणाऱ्याच्या मनात साहजिकच अशी भावना होते की, हे आपले धन आहे. त्याला कमाई म्हणतात, शिल्लक म्हणतात. बँकेच्या पुस्तकाची सारी भाषा येथेही वापरली जाते. पण करारनाम्याची भाषा निराळी आहे. ज्या नियमांना सभासद न वाचताच मान्यता देतो, त्यांत बहुतेक कंपन्यांनी स्पष्ट लिहिलेले असते की, पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नव्हे. ते विकता येत नाहीत, गहाण टाकता येत नाहीत, आणि कंपनीच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. मृत्यूच्या बाबतीत कंपन्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. अमेरिकन एअरलाइन्स कागदपत्रे पाहून वारसाला मैल देते, परंतु देणे न देणे तिने आपल्या मर्जीवर ठेवले आहे. डेल्टाने २०१३ मध्ये नियम बदलून, मृत्यूनंतरही मैल दुसऱ्याकडे जाणार नाहीत असे लिहून टाकले. आणखी काही कंपन्या ठरावीक मुदतीत अर्ज आल्यास ते वारसाच्या खात्यात वळवितात, तर काही खाते बंद करून मोकळ्या होतात.

हे एकतर्फी वाटते, आणि ते एकतर्फी आहेच. हयात सभासदाचीही स्थिती फारशी निराळी नाही. नॉर्थवेस्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या एका सभासदाचे सदस्यत्व, तो वारंवार तक्रारी करतो, या कारणावरून काढून घेतले. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीने सद्भावनेने वागावयास हवे होते, हा त्याचा दावा न्यायालयाने २०१४ साली एकमताने अमान्य केला. ज्या १९७८ च्या कायद्याने कंपन्या मोकळ्या झाल्या, त्याच कायद्याच्या आड हा दावा येतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

मराठी माणसाला हा भेद समजण्यास अवघड जाऊ नये. कारण त्याच्या इतिहासात त्याचे नमुने आहेत. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही वतने होती. वतन बापाकडून मुलाकडे येई, भावाभावांत त्याचे तंटे होत, पिढ्यान् पिढ्या त्यासाठी माणसे भांडत राहत; कारण ते त्यांचे होते. सरंजामाचे तसे नव्हते. फौज बाळगण्यासाठी सरकार सरदाराला मुलूख लावून देई. सरदार वारला की तो मुलूख तत्त्वतः सरकारात परत येई. व्यवहारात तो बहुधा मुलाच्याच नावे होई, पण नव्याने करून मिळे, आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. जयपूर संस्थानात याच व्यवहाराला 'मातमी' असे नाव होते. मातम म्हणजे शोक. जहागीरदाराच्या मृत्यूनंतर दरबाराने मातमी मंजूर केल्यावाचून वारसाचे नाव दप्तरी चढत नसे, आणि १९४५ साली त्याचे रीतसर नियमही संस्थानाने केले होते. पुढे राजस्थानच्या १९५२ च्या कायद्याने जहागिरीच सरकारजमा झाल्या आणि मातमीचे प्रयोजन सरले. विमान कंपनीचे पॉइंट हे वतन नव्हे. तो सरंजाम आहे. मुलाने मृत्यूचा दाखला जोडून कंपनीला पत्र लिहावयाचे आणि उत्तराची वाट पाहावयाची, ही एक प्रकारे मातमीच होय. फरक एवढाच की, दरबाराचे नियम जहागीरदाराला ठाऊक असत. कंपनीचे नियम सभासदाने बहुधा वाचलेलेही नसतात.

धर्मशास्त्रानेही हाच विचार मुळापाशी मांडला आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. दाय म्हणजे काय, हे सांगताना तो म्हणतो की, धन्याशी असलेल्या नात्याच्याच योगाने जे धन दुसऱ्याचे होते, तो दाय. म्हणजे प्रथम धनी पाहिजे आणि त्याचे धन पाहिजे. मग नाते आणि मग वारसा. जेथे स्वामित्वच नाही, तेथे नाते कितीही निकटचे असले, तरी वारसा उत्पन्न होत नाही. कंपन्यांच्या वकिलांनी नियमांत 'मालमत्ता नव्हे' हे शब्द का घातले, याचा उलगडा येथे होतो.

तथापि या व्यवहाराची दुसरी बाजू पाहिल्यावाचून त्याचा न्याय करता येणार नाही. कंपनीच्या हिशेबात हे पॉइंट कवडीमोलाचे नसतात. भारतात २०१८ पासून लागू असलेल्या हिशेबमानकाप्रमाणे तिकिटाच्या किमतीतील काही भाग पॉइंटांपोटी बाजूला काढून तो देणे म्हणून दाखवावा लागतो. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, याचाही अंदाज कंपनी आधीच बांधते आणि त्या मानाने उत्पन्न धरते. विसरलेल्यांचे, कंटाळलेल्यांचे आणि मेलेल्यांचे पॉइंट या अंदाजात एकत्रच मोजले जातात. २०२० साली महामारीने विमाने जमिनीवर आली, तेव्हा युनायटेड आणि डेल्टा या कंपन्यांनी आपल्या याच योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभारले. जी वस्तू सभासदाला गहाण टाकता येत नाही, तिच्या जोरावर कंपनीला कर्ज मिळते. कंपनीच्या वहीत जे देणे आहे, ते वारसाच्या हाती मात्र येणे ठरत नाही. विधवेला किंवा मुलांना यात अन्याय वाटला, तर ती त्यांची केवळ भावना आहे असे म्हणता येणार नाही.

भारताच्या कायद्यात पॉइंटांच्या वारशासाठी स्वतंत्र कलम नाही. बनी पार्कातील न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र ऋण आणि रोखे यांपुरते आहे. पॉइंट हे ऋण नव्हे, असे करारानेच ठरलेले असेल, तर त्या प्रमाणपत्राने कंपनी बांधली जात नाही. बँकेत आणि विम्यात निदान नाव नोंदविण्याची सोय असते. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तर बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नावे लावता येतात. अर्थात असे नाव लावल्याने तो मनुष्य मालक होत नाही. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हीच गोष्ट समभागांच्या बाबतीत सांगितली: नामनिर्देशित व्यक्तीने धन स्वीकारावे, ते कोणाचे, हे वारसा कायदा ठरवील. तेथे निदान वाटा मागण्यासारखे काही असते. पॉइंटांच्या बाबतीत पुष्कळदा मागण्याचे स्थानच नसते. करार अन्यायकारक आहे, अशी तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राज्य आयोगापुढे नेता येते, ही वाट मात्र उघडी आहे.

आणखी एक वाट पुष्कळ घरांत गुपचूप चोखाळली जाते. वडिलांचा परवलीचा शब्द मुलाला ठाऊक असतो. मृत्यूची वार्ता कंपनीला न कळविता तो त्या खात्यातून तिकीट काढतो. वडिलांनी आपल्यासाठीच तर साठविले होते, असे तो मनाशी म्हणतो, आणि त्यात तथ्यही असते. परंतु मृताच्या नावाने व्यवहार करणे नियमांना धरून नाही, आणि कंपनीच्या ध्यानात आल्यास ती खाते गोठविते, तिकीटही रद्द करू शकते. शोकाच्या दिवसांत विमानतळावरून परत फिरण्याची पाळी येण्यापेक्षा सरळ पत्र लिहिणे बरे. त्या पत्रात मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि सभासद क्रमांक असावा; आणि ते विलंब न लावता जावे, कारण जेथे वारसाला पॉइंट मिळतात, तेथेही पुष्कळदा मुदत असते.

मृत्यू केवळ माणसालाच येतो, असेही नाही. किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट व्यर्थ गेले. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले; तिची योजना निराळ्या कंपनीच्या हाती असल्यामुळे नाव बदलून पुढे चालली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट नव्या खात्यात नेण्यात आले. दात्याच्या आयुष्यावरच जे दान अवलंबून आहे, त्यावर दीर्घकाळ विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून या बाबतीत खरे मृत्युपत्र हयातीतच अमलात आणावयाचे असते. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या मिळकतीच्या यादीत घर, ठेवी आणि विमा यांच्याखाली एक ओळ पॉइंटांचीही लिहावी: कोणती कंपनी, कोणता क्रमांक, किती शिल्लक आणि कोणत्या तारखेपर्यंत. काही कंपन्या कुटुंबातील माणसांचे पॉइंट एकत्र ठेवू देतात. तशी सोय असेल तर तिचा लाभ घ्यावा. बहुतेक कंपन्या सभासदाला आपल्या पॉइंटांवर पत्नीचे, मुलांचे, आईचे तिकीट काढू देतात. हा अधिकार निर्विवाद आहे, पण तो जिवंत माणसाचा आहे. जमीन राखावी, सोने राखावे, ठेव राखावी; ती मागे उरते आणि पुढच्यांच्या उपयोगी पडते. पॉइंट राखण्यात मात्र काटकसर नाही. 'पुढल्या वर्षी मुलाकडे जाऊ' असे पत्नीला सांगणाऱ्या गृहस्थाने त्या मैलांची तिकिटे याच वर्षी काढावीत.