खिडकीच्या उजेडात पेटी-ढोलकी

जामखेडच्या कला केंद्रांतली संगीतबारी ढोलकी-पेटीच्या साथीनं रंगते. ही देखणी वाद्यं फोटोत मात्र फिकी पडतात, कारण फ्लॅश! पेटीच्या पॉलिशवर पांढरा डाग तेवढा उरतो. फ्लॅश बंदच ठेवा. खिडकीला पातळ पांढरं धोतर लावा, शेजारी वाद्य ठेवा आणि घरातले दिवे मालवा. दोन रंगांचा उजेड मिसळला की लाकडाचा खरा रंग हरवतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरला की सावली उजळते. बाजूच्या उजेडात ढोलकीच्या दोरीचा पीळ, शाईचा खरखरीतपणा किती सुंदर उठतो! तंबोऱ्यासारखं उंच वाद्य टिपताना मोबाइल घेऊन मागे सरा आणि झूम करा; फार जवळून भोपळा अवाजवी फुगलेला दिसतो.