उधारीवर घेणाराही ग्राहकच

रोहिण्या सरत आल्या की आपल्या धाराशिव जिल्ह्यात दुकानांपुढे गर्दी वाढते. एकीकडे बी-बियाणं आणि खतं, दुसरीकडे लेकरांच्या वह्या-पुस्तकं आणि गणवेश. खर्च सगळीकडून एकदम येतो आणि हातात पैसा नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात पुरानं उभ्या पिकाबरोबर शेतातली मातीही खरवडून नेली. अशा वर्षानंतर कर्ता माणूस दुकानाची पायरी चढतो, तो उधार मिळेल या आशेनंच.

एरवी हाच माणूस चार दुकानं फिरतो, भाव काढतो, पाकिटावरची तारीख बघतो. तंगीत मात्र मागची बाकी ज्या दुकानात आहे तिथंच त्याला जावं लागतं. युरियाच्या पोत्यासोबत नको असलेलं दुसरं खत माथी मारलं जातं. लिंकिंग म्हणतात त्याला. तो मुकाट्यानं घेतो. “उधार देतायत, वर पावती कुठल्या तोंडानं मागायची?” हे मी कळंबपासून उमरग्यापर्यंत ऐकलं आहे. गरजवंताला अक्कल नसते, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. त्याला सगळं कळत असतं. बोलायचं धाडस तेवढं होत नाही. आज मला त्या धाडसाबद्दलच बोलायचं आहे.

२० जुलै २०२० पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. रोख पैसे मोजणारा जसा ग्राहक, तसाच पैसे नंतर देण्याचं कबूल करणाराही ग्राहक, असं हा कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे उधारीवर घेतलेल्या मालालाही तेच संरक्षण आहे. शिवाय पावती न देणं ही या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तेव्हा पावती मागण्यात संकोच कसला? अडीनडीला उधार देणारे कितीतरी दुकानदार भले असतात, आणि पक्की पावती त्यांच्याही हिताची असते. बाकी किती, यावरून उद्या वाद होत नाही.

बियाण्याचं उदाहरण घ्या. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. ‘शेतकरी तर नफ्यासाठी पेरतो, तो ग्राहक कसा?’ असा प्रश्न कंपन्या पूर्वी करायच्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच तो निकाली काढला आहे. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, आणि सगळं बियाणं पेरून टाकणाऱ्यानं तपासणीसाठी नमुना राखून ठेवला नाही म्हणून त्याचा दावा बुडत नाही, असं त्या निकालात आहे.

तरीही पुरावा जपलेला बरा. पिशवी टॅगच्या बाजूनं फाडू नका, खालच्या बाजूनं फोडा. टॅगवर लॉट नंबर असतो, तो पिशवीला तसाच राहू द्या. पावतीवर तोच लॉट नंबर लिहिलाय का, ते दुकानातच ताडून बघा. मूठ-दोन मूठ बियाणं पिशवीत शिल्लक ठेवा आणि पावतीसकट पिशवी कोरड्या जागी टांगा. उगवण झाली नाही, तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तक्रारीची चौकशी करणारी समिती शेतात येऊन पंचनामा करते. दुबार पेरणीच्या घाईत पहिलं रान मोडलं, तर पंचनामा कशाचा करणार?

कागदाचं बळ या जिल्ह्यानं स्वतः पाहिलं आहे. त्याच २०२० सालच्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन अतिवृष्टीनं गेलं. नुकसान ७२ तासांत कळवलं नाही, या कारणावरून पीक विमा कंपनीनं हात वर केले. प्रश्न साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा होता. हप्ता भरलेला होता, सरकारी पंचनामे झालेले होते. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथंही तिला २०० कोटी रुपये भरायला सांगितलं गेलं. ज्या नुकसानीची नोंद असते, ते कुणाला सहजासहजी नाकारता येत नाही.

सावकारीचंही तेच. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवाना लागतो, घेतलेल्या पैशाची पावती द्यावी लागते आणि व्याजावर व्याज लावता येत नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. रेशनचं धान्य आज मोफत मिळतं, म्हणून माप विचारायचं नाही असंही नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो हा हक्क आहे. रेशन दुकानातल्या मशीनमधून निघणारी पावती मागा आणि वजन बघा.

तक्रार कुठं करायची? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. कंपनी मुंबईची असो की हैदराबादची, आपण जिथं राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ती ग्राहक एकत्र आले तरच त्यांचं कुणी ऐकेल या विश्वासावर. गावागावांत बचत गट आहेत. बैठकीत हप्त्यांचा हिशेब होतो, तसा महिन्यातून एकदा पावत्यांचाही होऊ द्या. एकाच लॉटचं बियाणं दहा घरांत फसलं असेल, तर दहा जणांना आयोगाच्या परवानगीनं मिळून तक्रार करता येते. बाकी असलेला एकटा माणूस दुकानदारापुढं गप्प बसतो. दहा जण पावत्या घेऊन गेले, तर दुकानदारालाही कंपनीकडं बोट दाखवावं लागतं आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. या पेरणीला निदान एवढं करू या: उधार घेऊ, पण पावतीवर घेऊ.