वीस ग्रॅमचा आनंद



सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे अजून आहे. माझ्या जुळ्यांचा जन्म झाला तेव्हा सातवा नुकताच संपत होता. भेटायला येणारी माणसं तोंडाने काही बोलत नसत, पण मनातल्या मनात बोटांवर महिने मोजताना दिसत. म्हणून सुरुवातीलाच सांगते, या समजुतीला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितकं ते सशक्त. आठव्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्या बाळापेक्षा भक्कमच असते.

गरोदरपणाचे पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. जुळी बऱ्याचदा अशी लवकर येतात. माझी दोघं ३० व्या आठवड्यात आली. मुलगी १,२४० ग्रॅमची आणि मुलगा १,३९० ग्रॅमचा. दोघांचं वजन एकत्र केलं तरी तीन किलो भरत नव्हतं. मुलगी ३८ दिवस आणि मुलगा ५७ दिवस नवजात अतिदक्षता विभागात होता. त्या दिवसांत आईबापांनी नुसतं बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहायची, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. आईबापांना तिथे खरंखुरं काम असतं आणि ते काम उपचाराचाच भाग असतं. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

पहिल्यांदा आत गेले ती तिसऱ्या दिवशी, व्हीलचेअरवरून. काचेच्या पेटीत तळहाताएवढी छाती भराभर वरखाली होत होती. नाकात नळ्या, पायाला लाल दिवा लावलेली पट्टी, तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांत एक स्निग्ध द्रव्य कमी असतं. त्याच्यामुळे फुप्फुसातले सूक्ष्म फुगे उघडे राहतात. ते कमी पडलं की प्रत्येक श्वास नव्याने फुगा फुगवण्यासारखा कष्टाचा होतो. म्हणून ते द्रव्य औषध म्हणून श्वासनलिकेतून देतात आणि नाकावाटे हवेचा दाब देऊन फुगे उघडे ठेवतात. शिवाय या बाळांचा मेंदू श्वासाच्या बाबतीतही अजून शिकाऊच असतो. बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. मशीन वाजू लागतं, सिस्टर येऊन तळपायाला हलकेच टिचकी मारते आणि श्वास पुन्हा सुरू होतो. त्यासाठी आमच्या दोघांना रोज कॅफीन मिळे, आपल्या चहा-कॉफीत असतं तेच, पण काटेकोर मोजून. तो आवाज ऐकून सुरुवातीला माझे हातपाय गळत. हळूहळू कळलं, की मशीनकडे पाहण्याआधी बाळाकडे पाहायचं असतं. ओठांचा रंग कसा आहे, छाती हलते आहे का, ते पाहायचं.

आमचं पहिलं काम हात धुण्याचं. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. दोनच आठवड्यांपूर्वी माझं डोहाळजेवण झालेलं. हातात तोच हिरवा चुडा होता. बाळंतिणीने बांगड्या उतरवायच्या, हे सासूबाईंना अजिबात पटेना. सिस्टरने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "आजी, बांगड्यांच्या खाली जंतू लपतात, आणि या पोरांजवळ लढायला अजून काही नाही." सासूबाईंनी स्वतःच माझ्या एकेक बांगडी हलक्या हाताने उतरवली आणि रुमालात गुंडाळून ठेवली.

दुसरं काम दुधाचं. बाळाला अजून ओढून पिता येत नसलं तरी आईचं दूधच त्याला हवं असतं. ते आतड्यांच्या एका गंभीर आजारापासून आणि जंतुसंसर्गापासून त्याचं रक्षण करतं. माझा पहिला चीक जेमतेम काही थेंब होता. वाटीच्या तळाला लागलेले ते थेंब पाहून मला लाज वाटली. सिस्टरने मात्र तेच सिरिंजमध्ये जपून ओढून घेतले. सुरुवातीला दर दोन तासांनी दोनच मिलिलिटर द्यायचं होतं, तेही नळीने. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून, मी दूध काढायची. डबीवर वेळ लिहून नवरा ते आत पोहोचवायचा. पहाटे चार वाजता जिन्याने डबी घेऊन जाणारा माझा नवरा त्या मजल्यावरच्या रखवालदाराच्या चांगल्या ओळखीचा झाला होता. ज्या आईला दूध कमी येतं तिच्यासाठी दुग्धपेढीचा आधार असतो. इतर मातांनी दिलेलं दूध तिथे तपासून, निर्जंतुक करून ठेवतात. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आपल्या मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली.

तिसरं काम बाळाला छातीशी धरण्याचं. कांगारू जसं पिल्लाला पिशवीत ठेवतं, तसं बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली. पण ती केवळ गरिबाची सोय नाही. भारतासह पाच देशांतल्या तीन हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी ठेवल्यास मृत्यूचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटतं, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून हीच शिफारस केली आहे. मला पहिल्यांदा मुलगी दिली ती सहाव्या दिवशी. भिजल्या चिमणीएवढं ओझं! पण पाच मिनिटांत मशीनवरचे आकडे स्थिर झाले. मुलाला त्याच वेळी नवऱ्याने घेतलं, शर्टाची बटणं काढून. वडिलांची छातीही तेवढीच उबदार असते, हे इथे मुद्दाम सांगते.

जुळ्यांच्या आईबापांची मात्र आणखी एक परीक्षा असते. एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. आमची मुलगी वजनाने कमी, पण नवव्या दिवशी तिची नाकातली नळी निघाली. मुलगा ठीक चालला होता आणि बाराव्या दिवशी एकदम मलूल झाला. पोट फुगलं, दूध पचेना, श्वास वरचेवर थांबू लागला. रक्तात जंतू सापडले. दूध बंद, पुन्हा यंत्र, पुन्हा सलाइन. "पुढचे अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे आहेत," डॉक्टर म्हणाले. एका पेटीपाशी हसायचं आणि चार पावलांवर दुसऱ्या पेटीपाशी रडू आवरायचं, असं चाललं होतं.

तो दिवस बारशाचा होता. "इतक्यात नावं नकोत, घरी आल्यावर बघू," असं मोठी माणसं सांगत होती. त्यामागची भीती मला कळत होती. पण पेट्यांवर 'जुळे एक' आणि 'जुळे दोन' एवढंच लिहिलेलं होतं, आणि झगडणाऱ्या मुलाला हाक मारायला माझ्याजवळ शब्द नव्हता. मी पेटीच्या झरोक्यातून दोघांच्या कानाशी नावं सांगितली. सिस्टरने कागदाच्या चिकटपट्टीवर ती लिहून पेट्यांना लावली. ना पाळणा, ना घुगऱ्या, पण बारसं झालं. त्यानंतर त्या विभागातल्या झाडूवाल्या मावशीसुद्धा त्याची नावाने चौकशी करू लागल्या. सहाव्या दिवशी त्याला पुन्हा एक मिलिलिटर दूध सुरू झालं.

त्या काळात येणारे बरेचसे फोन एकाच प्रश्नाने सुरू होत, "मुलगा ठीक आहे ना?" विचारणारे आपलेच होते, काळजीनेच विचारत होते. मी उत्तर द्यायची, "मुलगी आज पहिल्यांदा वाटीने दूध प्यायली. मुलगा औषधावर आहे." दोन मुलं आहेत, तर दोघांची खबर सांगायची, हा मी माझ्यापुरता नियम केला होता.

अडतिसाव्या दिवशी मुलीला घरी सोडलं. आमचं गाव दूर, म्हणून रुग्णालयाजवळ एक खोली घेतली. एक बाळ खोलीत, एक पेटीत, आणि आई एकच. तेव्हा सासूबाई पुढे आल्या. सिस्टरकडून सगळं शिकून घेतलं. दूध पाजायची चोच असलेली वाटी हातात येताच म्हणाल्या, "हे तर आपलं बोंडलं!" ते रोज उकळून घेणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मुलाचा शर्ट अंगात घालून, आयुष्यभर हातात असलेल्या पाटल्या काढून, नातीला छातीशी धरून त्या तासन्‌तास बसत. त्यामुळेच मी मुलाजवळ जाऊ शकले.

अशा घरांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. या बाळांच्या डोळ्यांचा पडदा कच्चा असतो. त्याची तपासणी चौथ्या आठवड्याच्या आत, आणि फार लहान बाळांची त्याहूनही आधी व्हावी लागते. ती तारीख चुकवू नका. वेळेत कळलं तर उपचाराने दृष्टी वाचवता येते. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण मान धरणं, पालथं पडणं मात्र मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं. आमची दोघं सहा महिन्यांची झाली तेव्हा हिशेबाने साडेतीन महिन्यांचीच होती. आणि खर्चाच्या धास्तीने उपचार टाळू नका. जिल्हा रुग्णालयांत नवजातांसाठी विशेष कक्ष आहेत आणि २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आजारी नवजातावर मोफत उपचार होतात.

आणि थोडं नातेवाइकांसाठी. आत जायचा हट्ट धरू नका. बाहेरच्या आईला ताजा डबा द्या, तासभर झोपू द्या. "कधी सोडणार?" हे विचारू नका, ते तिलाही ठाऊक नसतं. पहिल्या आठवड्यात या बाळांचं वजन उतरतं, मग कुठे दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅमने चढू लागतं. म्हणून विचारायचंच असेल तर, "आज वजन किती?" असं विचारा, आणि जुळी असतील तर दोघांचं विचारा. "वीस ग्रॅम वाढलं," असं उत्तर आलं, तर तिचं मनापासून अभिनंदन करा. त्या वीस ग्रॅममध्ये तिच्या रात्रीच्या दुधाचा, नवऱ्याच्या खेपांचा आणि सिस्टरच्या टिचक्यांचा वाटा असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)